रक्षणाच्या तऱ्हा

पावसाळ्यांतील रविवारीं दुपारीं आमच्या सोप्यावर जो कल्लोळ चालतो, त्याची आम्हांस आतां सवय झाली आहे. थोरली नात, तिचा धाकटा भाऊ आणि आमच्या पुतण्याचा मुलगा अशीं तिघें चौकटी आंखलेल्या कागदाभोवतीं बसतात. पुतण्या स्वतः सूत्रधार होतो आणि राक्षसांच्या व दरोडेखोरांच्या तोंडचें बोलतो. ह्या खेळास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ 1974 सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकानें एकेक पात्र घ्यावयाचें, त्याच्या वतीनें बोलावयाचें, आणि घाव लागला कीं चुकला हें वीस पैलूंच्या फाशानें ठरवावयाचें. नवीं पुस्तकें 2014 सालीं निघालीं, आणि 2024 सालीं तींहि सुधारलीं; परंतु आमच्या घरीं खेळ चालतो तो पुतण्यानें विद्यार्थिदशेंत घेतलेल्या 2008 सालच्या चौथ्या आवृत्तीवरून.

प्रथम आम्हीं ह्या गोंगाटाकडे दुर्लक्षच केलें. परंतु एके दिवशीं नातीनें ‘डिफेंडर’ म्हणजे सोबत्यांचा रक्षक असें सांगितलें, आणि आम्हीं खुर्ची पुढें ओढली. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसास अशा वेळीं ‘क्षत्र’ शब्द आठवावयाचाच. क्षतापासून, म्हणजे जखमेपासून, तारणारें तें क्षत्र, ही परंपरागत व्युत्पत्ति आम्हीं कितीएक वर्गांकडून घोकून घेतली असेल. ह्या आवृत्तींत रक्षकांचा एक स्वतंत्र गणच आहे. आम्ही म्हणालों, “म्हणजे जाड चिलखताचा माणूस.” पुतण्या हंसला. “काका, चिलखत ज्याचें त्यालाच वांचवतें. शत्रु शहाणा असला तर चिलखतवाल्याला वळसा घालून मागच्या मांत्रिकाला गांठतो. तो वळसा त्याला महाग पडला पाहिजे.”

हें महाग पाडण्याचें साधन म्हणजे ‘मार्क’, अर्थात् खूण. रक्षकानें ज्या शत्रूवर खूण केली, त्यानें रक्षकास सोडून इतरांवर शस्त्र उगारलें, तर त्याच्या फाशाच्या आंकड्यांतून दोन वजा होतात. विसांत दोन, म्हणजे शेंकडा दहा. एवढ्यानें कोणी थांबत नाहीं. खरा फरक त्यापुढील उपायांत आहे, आणि तेथेंच रक्षकांच्या तऱ्हा वेगळ्या होतात.

पहिला फायटर, म्हणजे योद्धा. खूण केलेला शत्रु त्याच्या शेजारच्या घरांत असून दुसऱ्यावर वार करूं लागला, किंवा हळूच एक घर सरकूं लागला, कीं योद्ध्याचा घाव आधीं पडतो. परंतु हा घाव एका फेरींत एकदांच, आणि तोहि शत्रु शेजारीं असेल तर. दोन घरांचें अंतर पडलें कीं योद्ध्यानें पाहत राहावें. जयद्रथानें वाट अडविल्यावर व्यूहाबाहेर राहिलेल्या भीमाचें बळ अभिमन्यूच्या काय उपयोगीं पडलें? 2014 च्या आवृत्तींतहि ढाल घेऊन सोबत्यास सांभाळणाऱ्या योद्ध्यास पांच फुटांचीच मर्यादा आहे. तेवढ्यांत मात्र तो शत्रूस दोन फासे टाकून लहान आंकडा घ्यावयास लावूं शकतो.

दुसरा स्वोर्डमेज, मंत्र जाणणारा खड्गधारी. ह्याची तऱ्हा उलटी. तो शत्रूवर खूण करून खुशाल दूर निघून जातो. शत्रूनें दुसऱ्यास गांठलें, कीं एका पंथाचा खड्गधारी मंत्रबळानें क्षणांत तेथें प्रकट होऊन वार करतो. दुसऱ्या पंथाचा जागचा न हलतां सोबत्यावरील घावाचें बळ कमी करतो. दहा घरांपर्यंत त्याचा हात पोंचतो. असा रक्षक कोणास नको? परंतु मंत्र आपल्याजवळ नाहींत, तेव्हां त्याची कथा येथेंच पुरे.

तिसरा पॅलाडिन, हा व्रतस्थ वीर. हा पांच घरांवरून शत्रूस आव्हान देतो. तें डावलून शत्रूनें दुसऱ्यावर वार केला, कीं दैवी तेज त्यास भाजतें. परंतु व्रत दोन्ही बाजूंनीं बांधतें. आव्हान देऊन वीर दूरच राहिला, आपल्या पाळीस त्यानें त्या शत्रूवर वार केला नाहीं आणि त्याच्या शेजारीं जाऊन उभाहि राहिला नाहीं, तर आव्हान मोडतें, व पुढच्या पाळीस तें देतां येत नाहीं. दुसरी गोष्ट आम्हांस त्याहून मोठी वाटली. प्रत्येक पात्राजवळ जखमांतून सांवरण्याच्या दिवसाकाठीं ठराविक संधी असतात. व्रतस्थ वीर सोबत्याच्या अंगावर हात ठेवून आपली एक संधी खर्च करतो, आणि बरा होतो तो सोबती.

आणखी एक नियम एकत्र कुटुंबांतील वाचकांस रुचेल. एका शत्रूवर एका वेळीं एकच खूण राहते. दुसऱ्या रक्षकानें केली कीं पहिल्याची पुसली जाते. एकाच कार्ट्यास आजी आणि काकू दोघी रागें भरूं लागल्या म्हणजे काय होतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ह्याचें मर्म सांगावयास नको.

गेल्या श्रावणांतील एका डावांत नातीचा योद्धा दोन घरें दूर अडकला, आणि राक्षसानें धाकट्याच्या मांत्रिकावर गदा उचलली. राक्षसावर खूण होती ती पुतण्याच्या मुलाच्या व्रतस्थ वीराची. राक्षस तेजानें भाजला, आंकड्यांतून दोन वजा झाले, तरी घाव बसलाच. मांत्रिक पडला, धाकट्याचे डोळे भरून आले. तेव्हां पुतण्याचा मुलगा आपला कागद पाहून म्हणाला, “माझी एकच संधी उरली आहे.” क्षणभर थांबून त्यानें ती खोडली. मांत्रिक उठला, मुलें आनंदानें ओरडलीं. आतां त्या वीरासच घाव लागले तर सांवरावयास कांहीं उरलें नाहीं, हें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं.

डाव आटोपल्यावर नातीनें विचारलें, “आजोबा, तुम्ही कोण झाला असतां?” आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, “योद्धा.” उत्तर खरें होतें, आणि म्हणूनच त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

1991 सालीं आम्ही एका लहान गांवच्या शाळेंत होतों. सहावींत एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. दोघे थोराड विद्यार्थी त्याची टर उडवीत, डबा पळवीत. आम्हांस कळलें तेव्हां आम्हीं त्या दोघांस सर्व वर्गादेखत छड्या मारल्या, आणि न्याय केल्याच्या समाधानांत घरीं गेलों. आमची जरब शाळेच्या फाटकापर्यंतच होती. त्याच संध्याकाळीं ओढ्याकांठीं त्या दोघांनीं मुलास असें मारलें कीं त्याचा हात मोडला. आमच्या छड्यांचें देणें त्याला फेडावें लागलें.

दीड महिन्यानें मुलगा शाळेंत आला. पुन्हां त्यास कोणी हात लावला नाहीं, आणि ह्याचें श्रेयहि आम्हीं मनांतल्या मनांत आपल्या जरबेसच दिलें. वर्ष सरतां सरतां त्याच्या आईकडून कळलें कीं, शाळेचे शिपाई रोज संध्याकाळीं त्यास दारापर्यंत पोंचवीत असत. त्यांचें स्वतःचें घर गांवाच्या दुसऱ्या टोकास, मळ्यांतल्या वस्तीवर होतें. त्यांस कोणी सांगितलें नव्हतें, आणि त्यांनींहि कोणास बोलून दाखविलें नव्हतें. आम्ही त्यांस रोज भेटत होतों. सकाळची घंटा वेळेवर झाली नाहीं म्हणून एकदोन वेळां बोललोंहि होतों.

क्षतापासून तारणें म्हणजे क्षत करणाऱ्यास मारणें, असाच अर्थ आम्ही जन्मभर धरून बसलों. त्यांत आपला रागहि भागतो आणि लोकहि वाहवा करतात. दुसऱ्याच्या वाटेनें रोज आपले पाय झिजवावयाचे, ही तऱ्हा आम्हांस सुचलीच नाहीं.

पुढच्या रविवारीं मुलांनीं आम्हांसहि डावांत घेतलें. आम्हीं व्रतस्थ वीर मागून घेतला, आणि फासा हातीं घेण्यापूर्वीं पुतण्याच्या मुलास विचारलें, “तुझ्या किती उरल्या आहेत?” तो चकित होऊन पाहूं लागला, आजपर्यंत त्यास हें कोणी विचारलें नव्हतें.

ते शिपाई आतां हयात नाहींत. आम्हीं त्यांस एकदांहि विचारलें नाहीं कीं, त्या वर्षीं संध्याकाळीं तुम्हांस घरीं पोंचावयास किती वाजत असत.