फटफट्यांनी आणलेली सुट्टी

फटफटीचा आवाज म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते. दुपारी जरा डोळा लागावा आणि खिडकीखालून एखादी धडधडत जावी! पण अमेरिकेत अशीही एक फटफट्यांची वरात निघते, की ती पाहायला आयाबाया लेकरांना कडेवर घेऊन रस्त्यावर उभ्या राहतात. वरात निघते ती दुखणाईत मुलांसाठी.

तिची हकिकत समजून घ्यायची तर नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रँडलमन गावी जायला हवं. ग्रीन्सबरो शहराच्या दक्षिणेला हे लहानसं गाव आहे. शेजारीच लेव्हल क्रॉस. हा सगळा मुलूख पेटी घराण्याचा. (आपली वाजवायची पेटी नव्हे हं, हे आडनाव!) मोटारींच्या शर्यती हा या घराचा पिढीजात धंदा. १९५९ साली डेटोनाची पहिली पाचशे मैलांची शर्यत जिंकली ती ली पेटींनी. त्यांचे चिरंजीव रिचर्ड यांनी तर दोनशे शर्यती मारल्या. नातू काइल, पणतू ॲडम, सगळे त्याच वाटेचे.

या काइलनी १९९५ साली सवंगडी जमवले आणि मोटारसायकलींवरून अख्खी अमेरिका ओलांडली. आजारी मुलांसाठी पैसे उभे करायचे, हा हेतू. पुढे हा नेमच झाला. वाट दर वेळी वेगळी. पेट्रोल भरायला तांडा थांबला की गर्दी जमते. नामांकित शर्यतपटूंना जवळून पाहायचं, सही घ्यायची आणि खिशातली मोड डब्यात टाकायची. कुणी एखादी नोट टाकतं, कुणी चार नाणी. त्या चिल्लरीतूनही मोठी रक्कम उभी राहते.

आणि मग २००० साल उजाडलं. एप्रिलमध्ये पणजोबा ली गेले. त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्याने, १२ मे रोजी, न्यू हॅम्पशायरच्या मैदानावर सराव करताना ॲडमची गाडी भिंतीवर आदळली. एकोणीस वर्षांचा पोरगा जागच्या जागी गेला.

फ्लोरिडात आजारी मुलांचं एक शिबिर ॲडमने पाहिलं होतं. तसंच आपल्या भागात काढावं, असं त्याच्या मनात होतं. आईबापांनी, पॅटी आणि काइल यांनी, तेच काम हाती घेतलं. आजोबांनी जमीन दिली. नट पॉल न्यूमन यांनी १९८८ साली कनेक्टिकटमध्ये असं शिबिर सुरू केलं होतं. त्यांचाही हात लागला. २००४ साली रँडलमनला ‘व्हिक्टरी जंक्शन’ उघडलं, आणि फटफट्यांचा पैसा तिकडे वळला.

आत गेलं की आपण दवाखान्याच्या आवारात आलोय असं वाटतच नाही. एक इमारत चक्क शर्यतीच्या मोटारीच्या आकाराची. औषधोपचाराच्या जागेलाही नाव दिलंय गाड्या दुरुस्त करण्याच्या गॅरेजचं! डॉक्टर, नर्सबाई आहेत, गोळ्या-इंजेक्शनं वेळेवर होतात. पण मुलाला आठवतो तो घोडा, धनुष्यबाण, पोहण्याचा तलाव. सहा ते सोळा वर्षांची मुलं येतात. उन्हाळ्यात एकेका आठवड्याला साधारण सारख्या दुखण्याची मुलं एकत्र असतात. हृदयाची, मूत्रपिंडाची, रक्ताच्या विकाराची. त्यामुळे छातीवरच्या टाक्यांची खूण पाहून कुणी टकमका बघत नाही. शेजारच्या कॉटवरच्याच्या छातीवरही तीच खूण असते. शाळेत सदा बाकावर बसून राहणारं मूल इथे खेळात असतं.

घरच्यांना या सगळ्याचा एक पैसाही पडत नाही. इतर दिवसांत शनिवार-रविवारी अख्खं कुटुंब राहायला येतं. मला यात मोलाची वाटते ती आईची विश्रांती. रात्री-अपरात्री उठून लेकराचा श्वास पाहणाऱ्या बाईला, दुसरं कुणी जाणतं माणूस जागं आहे एवढा भरवसा मिळाला, तरी किती झालं!

एवढं मोठं शिबिर आपण कुठून काढणार? पण आपल्या आळीत एखादं घर असतंच, जिथलं मूल वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेलं असतं. आपण ‘कसं आहे आता?’ विचारतो आणि पुढे जातो. त्याऐवजी एखाद्या दुपारी दोन तास त्या मुलाशी पत्ते खेळायला जा. औषधाची वेळ विचारून घ्या आणि त्याच्या आईला सांगा, ‘जा, जरा पडा तुम्ही. मी आहे इथे.’