खालून वर वाचायचे दगड

एकाच राजघराण्याची दोन टोकं लोकलनं एका दिवसात गाठता येतात, हे विठ्ठलवाडीत राहण्याचं एक बारीकसं सुख आहे. एक टोक दोन स्टेशनं पलीकडे, अंबरनाथला: शिलाहारांचं शिवमंदिर. दुसरं बोरिवलीजवळ एकसरला: त्याच शिलाहारांच्या अखेरच्या लढाईशी जोडले जाणारे वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्यांचे स्मारकदगड. मंदिर अनेकदा पाहिलेलं होतं. वीरगळांकडे जायचं कारण मात्र घरातलं. गेल्या वर्षी धाकटा भाऊ गेला. त्याचा फोटो मोठा करून आणला, तर आईनं हार घालू दिला नाही, भिंतीवरही लावू दिला नाही. फोटो अजून कपाटात, तिच्या साड्यांखाली आहे. गेलेल्या माणसाला कुठलं रूप द्यायचं, हे आमच्याकडे ठरत नव्हतं. आधीच्या लोकांनी ते कसं ठरवलं, ते बघून यावं म्हणून निघालो.

सकाळी विठ्ठलवाडीला मुंबईकडची गर्दी ऐन भरात असते. कर्जतच्या दिशेला जाणाऱ्याला मात्र खिडकी मिळते. पुढचंच स्टेशन उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली छावणीला उल्हासनगर हे नाव पडलं. पत्त्यात आजही कॅम्पचा नंबर लिहितात. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांना दुःखाचे दगड कोरायला उसंत कुठली? त्यांनी दुकानं थाटली. तीही एक रीत झाली.

अंबरनाथ पूर्वेला रिक्षा करून वालधुनीच्या काठावर उतरलो. मंदिर काळ्या दगडाचं, भूमिज शैलीतलं. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० आणि शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव. बाहेरच्या भिंतीवर तसूभर जागा मोकळी नाही: देव, देवी, सुरसुंदरी, हत्तींच्या रांगा. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि वर पाहिलं तर शिखराच्या जागी आभाळ. त्या दिवशी मला एवढ्या गर्दीत एकही शोक करणारा चेहरा सापडला नाही. भरभराटीतल्या राजाचं ते बांधकाम. दगड घडवणाऱ्या हातांना तेव्हा मरणाचं काम नव्हतं.

परतीची फास्ट लोकल पकडली. डोंबिवली आली तशी शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे यांची आठवण झाली. मूळचे कल्याणचे, गेटवे ऑफ इंडियासमोरचा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचाच. त्यांचं शिल्पालय डोंबिवलीतच आहे. व्यक्तिशिल्पात सगळी मदार चेहऱ्यावर असते. नाक, हनुवटी, नजर जमली की माणूस समोर उभा राहतो. आईला कपाटातल्या फोटोची भीती वाटते ती त्यामुळेच असावी. तो फारच हुबेहूब आहे.

दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग बोरिवली, मग रिक्षा. टॉवरांच्या आणि बंगल्यांच्या मधून जाता जाता एकसर गाव लागतं. सहा वीरगळ इथे उभे आहेत. मोठे माणसापेक्षा उंच. हळदकुंकू, फुलं, उदबत्तीचा वास. आधी डोळ्यांना काहीच उमगत नाही. नुसती दाटीवाटीनं कोरलेली बोटभर माणसं दिसतात.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यांत खाली मरण: ज्या झुंजीत माणूस पडला ती झुंज. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेतात. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो, कैलासात पोहोचलेला. माथ्यावर कलश. घाटावरच्या अनेक वीरगळांवर चंद्रसूर्यही असतात, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. एकसरला काही दगडांवर घोडेस्वार आणि धनुर्धारी आहेत. पण डोळा खिळतो तो जहाजांवर. उंच डोलकाठ्या, बाजूंना वल्ह्यांच्या रांगा, डेकवर दाटलेले सैनिक. मध्ययुगातलं आरमारी युद्ध दगडात इतकं तपशिलानं आपल्याकडे क्वचितच सापडतं.

अनेक अभ्यासक हे दृश्य १२६५च्या सुमाराच्या युद्धाशी जोडतात. देवगिरीचा महादेव यादव हत्तींचं दळ घेऊन कोकणात उतरला. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर जमिनीवर हरला, जहाजांवर चढला आणि समुद्रात बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री यानं ते मोठ्या डौलात लिहून ठेवलं आहे: महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल परवडला. जिंकणाऱ्यांनी ते ग्रंथात लिहिलं. ज्यांची माणसं गेली त्यांनी दगड उभे केले. सकाळी पाहिलेलं मंदिर आणि दुपारी पाहिलेली ही जहाजं, मध्ये दोनशे वर्षं.

या दगडांवर ओळखू येईल असा चेहरा नाही. शिल्पकारानं मेलेल्या माणसाला बहुधा पाहिलंही नसेल. ठरलेल्या चौकटी, ठरलेला क्रम. घरच्यांचं दुःख खासगी, पण त्याला मिळालेलं रूप सगळ्या गावाच्या ओळखीचं. मी एकेका शिळेसमोर उकिडवा बसून खालची चौकट बघत गेलो आणि मग मान वर करत गेलो. खालच्या चौकटी एकमेकींसारख्या नव्हत्या: कुठे घोडा, कुठे बाण, कुठे बुडतं जहाज. इतर ठिकाणी गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडलेला गुराखी असतो. वर मात्र सगळीकडे तेच लिंग, तीच पूजा, तोच कलश. मरण प्रत्येकाचं वेगळं कोरावं लागतं. आशा सगळ्यांना एकच पुरते.

ती आशा नेहमी निर्मळ होती असं मात्र नाही. वीरगळाच्या शेजारी पुष्कळ गावांत सतीशिळा असते: कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात. बांगड्या आहेत, म्हणजे सौभाग्य अखंड. त्या हातामागच्या बाईला काय हवं होतं, हे विचारायला कोणी थांबलं नव्हतं. गावाला आपल्या दिलाशाची किंमत तिच्याकडून वसूल करून घेता आली, एवढंच तो दगड सांगतो.

पंढरीच्या विठोबाचा धागाही काही अभ्यासकांनी गाई राखताना पडलेल्या वीराच्या स्मारकापर्यंत नेला आहे. सगळ्यांना ते पटलेलं नाही. एकसरला उभं राहून मला ते अशक्य वाटेना, कारण तसलंच काहीतरी डोळ्यांसमोर चाललं होतं. एक आजी आल्या, जास्वंदीचं फूल ठेवलं, हात जोडले.

"आजी, हे कोण?"

"देव आहे आमचा. राखण करतो."

"लढाईत गेलेल्या माणसांचे दगड आहेत म्हणतात."

"असतील बाबा," त्या म्हणाल्या. "माणसंच देव होतात ना शेवटी. नातवाची पोलीस भरती आहे, म्हणून आले होते."

ज्यांनी हा दगड उभा केला ती आई, ती बायको, ते भाऊ कोण, आता कोणालाच ठाऊक नाही. त्यांचं दुःख त्यांच्याबरोबर संपलं. वरच्या चौकटीतली आशा मात्र साडेसातशे वर्षं कामाला येते आहे, आणि ती वापरायला मेलेल्याचं नावगाव माहीत असावं लागत नाही. आमच्या घरातल्या फोटोची अडचण मला इथे कळली. त्यात फक्त खालची चौकट आहे. तिच्या वर काय असायला हवं, ते आईनं आणि मी मिळून ठरवायचं आहे. कैलास आम्हा दोघांनाही जमणार नाही. दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

आजींनी जाता जाता ताटलीतली साखर माझ्या हातावर ठेवली. नातवाची परीक्षा कधी आहे, ते मी विचारून घेतलं.