नसलेल्या विषयाचा विद्यार्थी

अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी केस इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1956 साली डोनाल्ड कनूथ नावाचा अठरा वर्षांचा युवक दाखल झाला. त्याने विषय निवडला होता पदार्थविज्ञान. शाळेत तो हुशार गणला जाई; तरी गणितात आपला निभाव लागणार नाही, या धास्तीने त्याच्या मनात घर केले होते. म्हणून प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या उदाहरणांखेरीज पुस्तकातील उरलेली सारी उदाहरणेही तो सोडवू लागला. प्रारंभी त्याला रात्र पुरत नसे. पुढे मात्र हात असा बसला, की नेमलेला अभ्यास तो चुटकीसरशी उरकू लागला.

पहिल्याच वर्षी त्याने संस्थेतील संगणक पाहिला. त्याचे नाव आयबीएम 650. यंत्र अवाढव्य; पण त्याच्या गरगर फिरणाऱ्या पिंपावर दहा अंकी अशा अवघ्या 2000 संख्या मावत! एवढे महागडे यंत्र रात्री विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केले जाई, हे त्या संस्थेचे औदार्यच म्हटले पाहिजे. डोनाल्डने यंत्राची माहितीपुस्तिका वाचली. तीत नमुन्यादाखल दिलेल्या आज्ञावल्या त्याला बेंगरूळ वाटल्या. आपण याहून नेटक्या लिहू, असे त्याच्या मनाने घेतले. नवख्या मुलाचा हा आगाऊपणा खराच. पण तो नुसते बोलून थांबला नाही, लिहावयास बसला. संख्येचे मूळ अवयव शोधणाऱ्या त्याच्या पहिल्या आज्ञावलीत आज्ञांहून चुकाच अधिक निघाल्या. एकेक चूक हुडकीत तो यंत्रापुढे बसून राही.

परंतु या विद्येची पदवी त्याला कोण देणार? संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग अमेरिकेत प्रथम निघाला तो पर्ड्यू विद्यापीठात, 1962 साली. डोनाल्ड दुसऱ्या वर्षी गणिताकडे वळला. 1960 साली त्याला पदवी मिळाली आणि अध्यापकांनी खास ठराव करून त्याच वेळी पदव्युत्तर पदवीही बहाल केली. 1963 साली कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेची डॉक्टरेट त्याने मिळविली, तीही गणितातच.

तेथे शिकत असतानाच एका प्रकाशकाने त्याच्याकडे संगणकावर पुस्तक मागितले होते. 1965 पर्यंत हस्तलिखिताची सुमारे 3000 पाने झाली! पहिला खंड 1968 साली निघाला. चौथ्या खंडाचा दुसरा भाग 2022 साली. ही ग्रंथमाला कनूथांनी कोणा व्यक्तीला अर्पण केलेली नाही. केसमधील त्या आयबीएम 650 यंत्राला केली आहे.