लाल पदर

पैठणीचं कौतुक आजवर इतकं झालंय, की तिला माझ्या चार ओळींची गरज नाही. ज्या घरात ती होती तिथंही वर्षातून एकदा-दोनदा ट्रंकेबाहेर यायची, डांबरगोळ्यांच्या वासासकट मिरवायची आणि पुन्हा आत जायची. रोजचा संसार ओढला तो इरकली लुगड्यानं. माझ्या आजीनं त्यातच भाकऱ्या थापल्या, त्यातच खुरपणी केली. उन्हातून आलेल्या आम्हा पोरांची तोंडं पुसली तीही त्याच पदरानं. तो ओला पदर मग तिच्या खांद्यावरच वाळायचा.

हे लुगडं ज्या गावाचं, ते इरकल आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. पण १९५६ पर्यंत तो सगळा विजापूरचा मुलूख मुंबई राज्यातच होता. पुढं नकाशावर रेघ आली. सोलापूर-कोल्हापूरकडच्या बायकांनी मात्र लुगडं बदललं नाही.

या लुगड्याची खरी करामत आहे पदराच्या शिवेवर. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती; पदराचा रेशमी. दोन्ही जोडायला सुई लागत नाही. अंगाच्या उभ्या धाग्याचा फास पदराच्या धाग्याच्या फासात अडकवायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा, असं पार दुसऱ्या काठापर्यंत. याला कोंडी म्हणतात. लांबच लांब ताणा चढवून एकामागून एक साड्या उतरवणं इथं जमत नाही. प्रत्येक लुगड्याचा ताणा वेगळा मांडावा लागतो. म्हणजे विणायला बसण्याआधीच केवढं काम!

एवढा खटाटोप कशासाठी? तर लाल रंगासाठी. हिरव्या ताण्यात आडवा लाल बाणा घातला तर कापड धड लाल होत नाही, धड हिरवं राहत नाही. कोंडीमुळं पदर निखळ लाल उतरतो. त्यात पांढऱ्या रेशमाचे पट्टे, आणि लाल-पांढरं जिथं भिडतं तिथं नक्षीचे दाते: फणीचे, किल्ल्याच्या तटाचे, डोंगररांगेचे, जोंधळ्याच्या कणसाचे. अशा पदराला टोप-तेनी म्हणतात. रेशमात मोर पुष्कळांनी विणले; जोंधळा विणावासा वाटला तो इरकलच्या विणकरांना. मला त्यांची नजर पैठणीवाल्यांपेक्षा मोठी वाटते, कुणाला राग आला तरी चालेल. आणि अंग डाळिंबी असो, मोरपंखी असो, पदर लालच. आठवडी बाजारात मागून पाहिलं तर कुणाची आजी कोणती, कळायचं नाही.

आता कृत्रिम रेशीम आलंय, यंत्रमागावरच्या नकलाही ‘इरकल’ म्हणून खपतात. तुम्ही घ्यायला गेलात तर काठ नंतर बघा. आधी अंग आणि पदर जिथं भेटतात ती जागा उजेडात धरा. तिथं उभा धागाच बदलत नसेल, तर घडी घालून परत द्या आणि दुसरं दाखवा म्हणा.