डोंगरातली कुळे आणि दुसऱ्यांचे युद्ध

१/ जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) या कादंबरीत चंद्रपर्वतात राहणारी डोंगरी कुळे आहेत. स्टोन क्रोज, बर्न्ड मेन, ब्लॅक इअर्स, मून ब्रदर्स ही त्यांतली काही. वाचकाला ती प्रथम भेटतात ती वाट अडवणारे लुटारू म्हणून. त्यांतला शॅगा माणसाचे तुकडे बकऱ्यांना खाऊ घालण्याची धमकी देतो. वाचक हसतो आणि पुढे जातो. पण या कुळांच्या गोष्टीत खऱ्या इतिहासातली एक जुनी वेदना दडलेली आहे.

२/ ही कुळे 'आदिमानवां'ची, म्हणजे त्या भूमीत आधी आलेल्या लोकांची वंशज. समुद्रापलीकडून अँडल आले, त्यांनी सुपीक खोरे घेतले आणि जे झुकले नाहीत ते डोंगरात गेले. खोऱ्यातले सरदार ज्यांना दरोडेखोर म्हणतात, ते स्वतःला बेदखल झालेले मालक समजतात. मात्र कादंबरीतले एकही प्रकरण डोंगरी माणसाच्या दृष्टीतून सांगितलेले नाही. त्यांच्याविषयी जे कळते, ते खालच्यांच्या नजरेतून.

३/ खऱ्या जगात याच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणजे स्कॉटलंडचे हायलँड्स. तिथल्या गेलिक भाषेत 'क्लान' म्हणजे लेकरे आणि 'मॅक' म्हणजे पुत्र. 'डॉल्फचा पुत्र शॅगा' ही ओळख तिथे परकी वाटली नसती. जमीन खडकाळ, धान्य थोडे, गुरे हीच संपत्ती. त्यामुळे गुरे पळवणे हाही लढाईचाच भाग. खालच्या सपाटीवरच्या लोकांनी त्यांना रानटी म्हटले आणि बराच काळ तेच लिहिले गेले.

४/ त्यांची लढण्याची रीत मात्र विचारपूर्वक घडलेली होती. 'हायलँड चार्ज' हा केवळ आरडाओरडा नव्हता. शत्रूच्या जवळ जाऊन बंदुकीचा एकच बार काढायचा, बंदूक टाकून द्यायची, आणि धूर विरण्याआधी रुंद पात्याची तलवार व गोल ढाल घेऊन तुटून पडायचे. १६४० च्या दशकात अलॅस्डर मॅककोला याच्या नेतृत्वाखाली ही रीत नावारूपाला आली. समोरच्याला बंदूक पुन्हा भरायला जो वेळ लागतो, त्या वेळावर तिचे सारे गणित बेतलेले होते.

५/ २७ जुलै १६८९ रोजी किलिक्रँकी येथे ते गणित जुळले. सरकारी शिपायांच्या संगिनी बंदुकीच्या नळीतच खोचाव्या लागत. एकदा खोचली की गोळी सुटत नसे. ती खोचण्यापूर्वीच उतारावरून लोंढा अंगावर आला. विजय काही मिनिटांत मिळाला, पण डोंगरी सैन्याचा सेनापती डंडी त्याच रणात पडला.

६/ १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनला सपाट, दलदलीचे माळरान होते. उताराचा वेग नाही, पायाखाली चिखल, समोरून तोफांच्या छऱ्यांचा मारा. तासाभरात सारे संपले. डोंगरी बाजूचे सुमारे दीड हजार लोक पडले. सरकारी सैन्यातही काही हायलँडर होते, हे विसरता येत नाही. कुळांची आपसांतली वैरे दुसऱ्याच्या कामी येतात.

७/ पुढचा घाव कायद्याचा होता. शस्त्रे काढून घेतली, कुळप्रमुखांचे न्यायाधिकार गेले, डोंगरी पोशाखावर बंदी आली. ती १७८२ पर्यंत टिकली. या बंदीतून सूट होती ती राजाच्या फौजेत भरती झालेल्यांना. आपल्या पूर्वजांचे वस्त्र अंगावर हवे, तर आपल्याला हरवणाऱ्याची चाकरी पत्करायची!

८/ कलोडनला सरकारी बाजूने लढलेल्या जेम्स वुल्फने १७५१ मधील एका पत्रात हायलँडर सैन्यात घेण्याची कल्पना मांडली. हे लोक काटक आहेत, आणि मेले तरी फारशी हानी नाही, असा त्याचा हिशेब होता. १७५९ मध्ये क्विबेकच्या लढाईत त्याच्या हाताखाली हायलँडर पलटण होती.

९/ आता पुन्हा कादंबरीकडे. टिरियन कुळांना पोलादी शस्त्रे आणि ॲरिनचे खोरे देण्याचे वचन देतो. ग्रीन फोर्कच्या लढाईत त्याचा बाप टायविन त्यांना डाव्या बगलेवर, आघाडीला उभे करतो. ही बगल कोसळेल, शत्रू त्या खिंडारात शिरेल आणि सापडेल, अशी त्याची अटकळ असते. कुळे कोसळत नाहीत. मरतात आणि लढत राहतात. वुल्फचा हिशेब आणि टायविनचा हिशेब यांत फरक तो किती?

१०/ या हिशेबाचा एक धागा मराठी मातीत येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर वेलस्लीने हल्ला केला. त्याच्या गोऱ्या पायदळाच्या दोन्ही पलटणी, ७४ वी आणि ७८ वी, हायलँडर होत्या. केळणा नदी ओलांडून ती माणसे मराठी तोफांवर चालून गेली. ७४ वी वाट चुकून असई गावाच्या रोखाने सरकली आणि तोफा व घोडदळ यांच्या माऱ्यात जवळजवळ नष्ट झाली. मराठी गोलंदाजही तोफा न सोडता जागीच पडले.

११/ कलोडन ते असई हे अंतर अवघे ५७ वर्षांचे. ज्यांच्या आजोबांना टोपीकरांच्या तोफांनी उडवले, अशांपैकी काही नातू टोपीकरांसाठीच इथल्या तोफांच्या तोंडी गेले असतील. डोंगरी लोकांच्या शौर्याच्या कथा सगळ्यांनाच प्रिय असतात. मावळ्यांच्या मुलुखात तर विशेषच. त्या वाचताना एवढे मात्र पाहावे, की आघाडीला कोण उभा आहे आणि त्याला तिथे कोणी उभे केले आहे.