रोप घेताना मे महिना आठवा

मृग तोंडावर आला. जाम चौरस्त्याच्या आजूबाजूला ज्यांची नवीन घरं झाली, ते आता रोपं आणायला निघतील. त्याआधी दोन मिनिटं देऊन हे वाचा, राजेहो.

कुंपणाला काय लावू विचारलं की बऱ्याच नर्सऱ्यांत कोनोकार्पस दाखवतात. बाराही महिने हिरवा, भरभर वाढणारा. पण गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जीचा त्रास आणि मुळांमुळे गटार, पाइप, केबलचं नुकसान, ही कारणं दिली. आपण मात्र पैसे मोजून तेच दारात लावायचं, हे काही पटत नाही.

परकं झाड दिसलं की उपटा, असं माझं म्हणणं नाही. चिंच मुळात आफ्रिकेची, सीताफळ अमेरिकेतलं. दोन्ही आपल्या वावरात कधीच रुळली. आणि नुसतं 'देशी' म्हणूनही डोळे मिटून घेऊ नका. ताम्हण आपलं राज्यफूल, पण त्याला ओल लागते. नवतपात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, प्यायच्या पाण्याचेच वांधे होतात, तेव्हा त्याला रोज बादली कुठून आणणार?

म्हणून मी दोनच प्रश्न विचारतो: पहिली दोन-तीन वर्षं जपल्यावर हे झाड आपल्या मे महिन्यात स्वतःच्या जिवावर उभं राहील का? आणि पाखरांना, माणसांना काही देईल का?

जागा मोकळी असेल तर कडुनिंब, बहावा. बहावा तर भर उन्हातच पिवळाधम्मक फुलतो. लहान प्लॉट असेल तर पारिजातक, आणि कोपऱ्यात बेल. कुंपणाला अडुळसा लावा, शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. एक लिंबू किंवा गोडलिंब असू द्या. त्याच पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पानं खाल्लेली दिसली की लगेच फवारा मारू नका. वड-पिंपळ मात्र घराला खेटून नको. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, मोठं झाड तिची ओल आणखी ओढतं आणि भिंतीला भेगा जातात.

हेच गावाच्या लागवडीलाही लागू आहे. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. आकडे खूप ऐकले. कोणती झाडं लावली आणि पुढच्या मे महिन्यात त्यातली किती उभी होती, हे विचारणारे कमी.

यंदा ग्रामपंचायतीने रोपं घेण्याआधी यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, एवढीच मागणी आहे. कोणत्या जातीची, कुठे लावणार, आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, तिन्ही त्यात लिहा. सभेला मी येणार आहे. तुम्हीही या, भाऊ.