परक्याची बाग

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मी पुण्याला परतायची ती तासगाव तालुक्यातल्या माहेरीच अडकले. द्राक्षं तयार, व्यापारी गायब. दादानं होता तेवढा माल बेदाण्याला टाकला. होता तेवढा म्हणजे थोडाच, कारण आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसानं निम्मे घड आधीच कुजवले होते. बाग २ एकर, वय १४ वर्षं. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आलेली आणि घरात विषय एकच: बाग ठेवायची की काढायची?

दादाचं ठरलं होतं. ठेवायची.

माझ्या डोक्यात जानेवारीत कंपनीनं घेतलेलं कोचिंगचं प्रशिक्षण ताजं होतं. हे दहावी-बारावीच्या क्लासचं कोचिंग नव्हे. यात कोच काही शिकवत नाही, फक्त विचारतो. टिमथी गॉलवे हा अमेरिकेतला टेनिस शिकवणारा. ‘रॅकेट अशी धर, खांदा असा वळव’ म्हटलं की खेळाडू आखडतो आणि नुसतं ‘चेंडूची शिवण बघ’ म्हटलं की फटका आपोआप सुधारतो, हे त्याच्या लक्षात आलं. १९७४ साली त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे जॉन व्हिटमोर या ब्रिटिश मोटार-शर्यतपटूनं हा विचार कंपन्यांमध्ये नेला: काय हवंय ते ठरवा, आज खरोखर काय आहे ते बघा, वाटा शोधा, मग पाऊल टाका. कागदावर सोपं वाटतं.

मी सुरुवातच चुकले. “दादा, बाग का ठेवायचीय तुला?”

“का म्हंजे? तू काय इन्स्पेक्टर हायस का?”

टोयोटाच्या कारखान्यात तायची ओनोनं बिघाडाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच वेळा ‘का’ विचारायची शिस्त लावली होती. पण यंत्र ‘का’ ऐकून चिडत नाही. भाऊ चिडतो, जबाब द्यायला लागतो आणि जबाब देता देता आपलं मत आणखी घट्ट धरून बसतो.

दोन दिवस विषय बंद. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये बेदाणा निवडताना मी वेगळं विचारलं, “बाग अजून पाच वर्षं चालेल म्हणतोस, ते कशावरून?”

“अण्णांची अठरा वर्षं चालली की!”

अण्णांच्या काळातला पाऊस वेगळा, फवारणीचा खर्च वेगळा. हे मी बोलले नाही. वहिनी उठली आणि खर्चाची वही घेऊन आली. पाच हंगामांपैकी तीन तोट्यातले निघाले. दादाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पाचही हंगाम त्यानं कधी शेजारी-शेजारी मांडून बघितले नव्हते, इतकंच. चेंडूची शिवण ती हीच असावी.

मग मला इंटेलची गोष्ट आठवली. १९६८ साली ही कंपनी मेमरी चिप बनवायला निघाली होती. १९८५ पर्यंत जपानी कंपन्यांनी तिला त्याच धंद्यात जेरीला आणलं. तेव्हा अँडी ग्रोव्हनं गॉर्डन मूरला विचारलं: आपल्याला हाकलून इथे नवा माणूस आणला, तर तो काय करील? मेमरीतून बाहेर पडेल, असं मूरनं लगेच सांगितलं. मग आपणच ते का करू नये, असं ग्रोव्हचं म्हणणं पडलं. कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडली.

मी म्हटलं, “दादा, उद्या ही बाग कुणी परक्यानं विकत घेतली, तर तो या एप्रिलात काय करील?”

“काढील.” क्षणही गेला नाही. मग बराच वेळ तो नुसता बेदाणा निवडत राहिला. शेवटी म्हणाला, “पर त्यानं ती लावलेली नसंल ना.”

यावर कुठल्याच प्रशिक्षणात उत्तर नव्हतं. मीही गप्प बसले, आणि त्या दिवसातलं माझं सगळ्यात बरं काम तेच.

रात्री जेवताना आणखी एक युक्ती काढली. गॅरी क्लाईन या मानसशास्त्रज्ञानं ती सांगितली आहे: बेत अमलात आणण्याआधीच तो फसला असं धरून चालायचं आणि का फसला ते सांगायचं. “समजा, बाग काढून नवी लावली आणि ती गेली. काय झालं असेल?”

उत्तर वहिनीनं दिलं. “मे महिन्यात हिरीचं पाणी आटलं असंल. दोन एकर ल्हान रोपांना टँकर कुठनं परवडायचा?”

तेव्हा मला माझीच गोची कळली. मी मनातल्या मनात दोन्ही एकर काढून मोकळी झाले होते. ठेवा किंवा काढा, तिसरं काही नाही, हे गृहीत दादाइतकंच माझंही होतं. कोचनं स्वतःचं मत बाजूला ठेवावं हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा, आणि मी सगळे प्रश्न ‘काढ’च्या बाजूनं वळवत होते.

त्या एप्रिलात विहिरीपासून लांबचा एक एकर काढला. पुढच्या फेब्रुवारीत तिथे डॉग्रिजची खुंटरोपं लावली, पावसाळा सरता सरता त्यांवर कलमं भरली. पहिला माल २०२३ साली निघाला आणि त्याचा बेदाणा तासगावच्या सौद्याला गेला. त्यानंतर दादानं उरलेला जुना एकरही काढला. मला काही विचारलं नाही; वहिनीच्या फोनवरून कळलं.